मेड्यूसा आणि तिच्या दोन बहिणी

(मंडळाच्या वाचनकट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)

ऐन दिवाळीच्या तोंडावर केसांच्या जागी साप असलेल्या बाया कशाला, असं तुमच्यातल्या काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. पण इथल्या शाळांत आपली मुलं ग्रीक पुराणकथा वाचतात आणि घरी येऊन आपल्याला प्रश्न विचारतात. "शिक्षा तिलाच का?" हा त्यातला खरा अवघड प्रश्न.

गॉर्गन तीन. स्थेनो, युरिअले आणि मेड्यूसा. पहिल्या दोघी अमर, मेड्यूसा तेवढी मर्त्य. त्यांच्याकडे जो पाहील त्याचा दगड होणार. म्हणून पर्सिअसने ढालीतलं प्रतिबिंब बघत मेड्यूसाचं मुंडकं उडवलं. तेही ती झोपलेली असताना, बरं का! तिच्या मानेतून पेगॅसस हा पंखांचा घोडा आणि क्रिसेऑर बाहेर आले.

इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमाराचा कवी हेसिअड सांगतो, की समुद्रदेव पोसायडन आणि मेड्यूसा फुलांनी भरलेल्या कुरणात एकत्र आले. त्यात शाप नाही की जबरदस्तीचा उल्लेख नाही. सुमारे सातशे वर्षांनी रोमन कवी ओव्हिड येतो आणि गोष्टच बदलते. आता मेड्यूसा सुंदर केसांची तरुणी आहे, समुद्रदेव देवीच्या मंदिरातच तिच्यावर अत्याचार करतो आणि देवी तिच्याच केसांचे साप करते. चोर सोडून संन्याशाला फाशी!

जुन्या ग्रीकांना मात्र हा चेहरा राखणदार वाटे. कॉर्फू बेटावर आर्टेमिसच्या देवळाच्या दर्शनी त्रिकोणावर, इसवी सनापूर्वी ५८० च्या सुमारास, मधोमध माणसाहून उंच गॉर्गन कोरली आहे. कमरेला सापांचा पट्टा, शेजारी तिची दोन्ही लेकरं. ते शिल्प आज तिथल्या संग्रहालयात आहे.

ऑक्टोबर २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या फौजदारी न्यायालयासमोरच्या बागेत लुचियानो गार्बाती यांचा पुतळा उभा राहिला होता. मेड्यूसाच्या एका हातात तलवार, दुसऱ्या हातात पर्सिअसचं मुंडकं. कल्पना जोरदार, पण मला ती पटली नाही. गुन्हा समुद्रदेवाचा, मुंडकं पर्सिअसचं! पुन्हा तेच झालं की.

मला आवडते ती पिंडारच्या एका स्तोत्रातली गोष्ट. सगळे मेड्यूसाबद्दल बोलतात, मागे राहिलेल्या बहिणींचं कोण विचारतो? पिंडार विचारतो. मेड्यूसा मेली तेव्हा युरिअलेने जो आकांत केला, तो अथेनाच्या कानात राहिला आणि तो वाजवता यावा म्हणून तिने बासरीसारखं एक वाद्य घडवलं. त्यावरच्या त्या सुरावटीला ग्रीक 'अनेक मस्तकांची धून' म्हणत.