‘कोंडुरा’ वाचताना



इंटरनॅशनल सिटीत, पर्शिया क्लस्टरमधल्या एका खोलीत आम्ही बायका रविवारी वाचायला जमतो. यंदा चिं. त्र्यं. खानोलकरांची ‘कोंडुरा’ (१९६६) घेतली. खानोलकर वेंगुर्ल्याजवळच्या बागलांच्या राईचे. मॉरिशसला गेलेले आपले पूर्वजही कोकणातलेच, म्हणून. भाषा अवघड वाटली तर श्याम बेनेगलांचा १९७८चा चित्रपट पाहावा.

कथेत परशुरामाला गर्भ पाडणारी मुळी मिळते, ब्रह्मचर्याच्या अटीवर. ही शक्ती बाईसाठी की बाईवर, यावर आमचा वाद झाला. तेवढ्यात आमच्यातली एक म्हणाली, “आमच्या घरीपण असंच झालं.” तिच्या आजीच्या बहिणीला घरातल्याच माणसाने नासवलं. तो पुढे वडीलधारा म्हणून मिरवला. तिला मात्र भुताने धरलंय म्हणत मीठ-मिरच्या उतरवल्या, आणि घरच्या फोटोतून तिची जागा कात्रीने कापली.

आम्ही शिक्षिका. वर्गात गप्प बसलेलं पोर आम्हाला लगेच कळतं. घरातलं कळलं नव्हतं.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या नोंदी आहेत. पण ही तर तिथेच जन्मलेली. मग त्या रविवारी वंशावळीच्या कागदावर तिचं नाव आम्हीच लिहिलं. धाकट्या भाचीने विचारलं, “मावशी, ही कोण?” चहा गार होईपर्यंत तिला सगळं सांगत बसलो.