मॉडेलिंग : एका आईने पाहिलेले
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंच्या आग्रहावरून मी उभी राहिले आहे. मी सातवी शिकलेली बाई. पाटण तालुक्यातल्या आमच्या गावात शाळाच सातवीपर्यंत होती, पुढची शाळा नदीपलीकडे, म्हणून माझे शिक्षण तिथेच राहिले. भाषण कसे करतात ते मला ठाऊक नाही. जाऊबाईंशी बोलावे तशी बोलणार आहे. चुकले-माकले तर सांभाळून घ्या.

विषय मात्र माझ्या घरातलाच मिळाला आहे. गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझी पाठ वळली तेव्हा एकजण म्हणाली, "हिची मुलगी कपडे घालून फोटो काढते म्हणे." दुसरी म्हणाली, "घालून की काढून?" मी ऐकले. तिळगूळ हातात तसाच राहिला. राग आला नाही असे मी म्हणणार नाही. चांगला आठ दिवस होता. पण मग मनाशी म्हटले, दोन वर्षांपूर्वी ही दुसऱ्या कोणाची मुलगी असती, तर मीही तुमच्यातच बसून हसले असते.

कारण आम्ही वाढलोच तशा. नागपूरची मधू सप्रे तुम्हाला आठवत असेल. १९९२ साली बँकॉकला विश्वसुंदरीच्या स्पर्धेत ती तिसरी आली. मुळात ती मैदानावरची खेळाडू. देशाची सूत्रे हाती आली तर काय करशील, असे विचारल्यावर तिने खेळाची मैदाने बांधीन म्हणून सांगितले, आणि लोकांनी त्यावरूनही तिला हसून घेतले! पुढे १९९५ साली बुटांच्या त्या जाहिरातीवरून तिच्यावर आणि मिलिंद सोमणवर खटला झाला. मी तेव्हा सोळा वर्षांची. आमच्या मामाने ती बातमी असलेला पेपर घडी घालून माळ्यावर टाकला, मुलींच्या हाती लागू नये म्हणून. तो खटला २००९ साली संपला, ती दोघे निर्दोष सुटली. चौदा वर्षे गेली. सुटल्याची बातमी माझ्या मामाने वाचली असेल असे मला वाटत नाही.

आता आमच्या थोरलीचे सांगते. उंची पाच फूट आठ इंच. ह्यांच्या घराण्यात सगळेच ताडमाड. नातेवाइकांत तिच्या उंचीची काळजीच चालायची, हिला जोडीदार कुठून आणणार म्हणून. कॉलेजच्या एका कार्यक्रमात ती रॅम्पवर चालली आणि कोणीतरी डोक्यात भरवले की तू मॉडेल हो. अंधेरीतल्या एका ऑफिसात गेलो. तिथल्या गृहस्थाने सांगितले, आधी पोर्टफोलिओ हवा, म्हणजे वेगवेगळ्या वेशांतल्या फोटोंचा संच, आणि तो आमच्याकडूनच काढायचा; मग कामाला तोटा नाही. ३५ हजार रुपये. माझी भिशी नेमकी त्याच महिन्यात लागली होती, ती मी दिली. फोटो आले, सुरेख आले. काम काही आले नाही. तीन महिन्यांनी गेलो तर दारावर दुसऱ्याच धंद्याची पाटी! खरी एजन्सी आधी पैसे मागत नाही, काम मिळाल्यावर त्यातून आपला हिस्सा कापते, हे आम्हाला ३५ हजार भरून कळले. तुम्हाला फुकट सांगते आहे.

मग सुरू झाल्या ऑडिशनी. डोंबिवलीहून घाटकोपर, तिथून मेट्रोने वर्सोवा, आणि पुढे आराम नगर. तिथे जुन्या बैठ्या घरांतून चाचण्या चालतात. पहिल्या वेळी मी बरोबर गेले. दाराशी मुलींची रांग. घरात जी पोर मला खांबासारखी दिसते ती तिथे दिसेचना, कारण सगळ्याच खांब! दोन तास उन्हात उभे राहिलो. दाराशी एक पोरगा होता, त्याने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाला, "नॉट फिट." मी पुढे होऊन त्याला म्हटले, "अरे बाबा, हिला काही झालेले नाही, चांगली धडधाकट आहे." सगळी रांग हसली. त्यांना जशी मुलगी हवी तशी ही नाही, एवढाच त्याचा अर्थ. कारण कोणी सांगत नाही. रंग सावळा म्हणून, की नाक बसके म्हणून, की केवळ त्या दिवशी तसे वाटले म्हणून. आत घेतलीच तर कॅमेऱ्यासमोर नाव, वय, उंची सांगायची, डावीकडे वळायचे, उजवीकडे वळायचे, हात पुढून-मागून दाखवायचे. पाऊण मिनिटात संपले. "कळवतो." मुलगी पाहायला येणारे निदान पोहे तरी खाऊन जातात.

अशा तीसेक ठिकाणी जाऊन आल्यावर तिला पहिले काम मिळाले. भिवंडीकडे एका गोदामातला स्टुडिओ. आपण मोबाईलवर कपडे मागवतो ना, त्यांचे फोटो तिथे काढतात. एप्रिल महिना, आणि घालायचे स्वेटर व जाकिटे, कारण थंडीचा माल उन्हाळ्यातच टिपून ठेवायचा असतो. पंखा लावायचा नाही, केस उडतात. सकाळी नऊ ते रात्री आठपर्यंत तिने चौसष्ट कपडे बदलले. प्रत्येकाचे समोरून, मागून, बाजूने फोटो. कपडे बदलायला एक पडदा, तोही अर्धवट. मी डबा घेऊन कोपऱ्यात बसले होते. तोंडाला लावलेला रंग हातांच्या रंगाशी जुळेना, तेव्हा हातांनाही फासला. चेहरा तिचा, पण घरच्यांनीसुद्धा ओळखू नये असा.

आणि एक गंमत सांगते, मी ब्लाऊज शिवते म्हणून माझ्या लक्षात आली. कुडता समोरून कसा अंगासरशी बसलेला! मुलगी वळली तर पाठीवर ओळीने सात-आठ चिमटे. सगळा घोळ मागे गोळा करून धरलेला. तुम्ही मागवलेला कुडता फोटोसारखा बसत नाही म्हणून परत पाठवता, आणि वर आपल्यालाच जाड म्हणवून घेता. अहो, तो तिलाही बसत नव्हता!

हसलात, बरे झाले. पुढचे हसण्यासारखे नाही.

कंबर सव्वीस इंच हवी असे तिला एकाने सांगितले. तिची अठ्ठावीस होती. माझ्या मुलीने दोन इंचांसाठी जेवण सोडले. मला सांगायची, बाहेर खाऊन आले. बाहेर काय, तर काकडी आणि बिनदुधाची कॉफी. मी तिची आई, रोज भाकरी थापणारी, आणि चार महिने माझ्या ध्यानात आले नाही. उलट आल्या-गेल्याला सांगायची, बघा कशी शेलाटी झाली! एका संध्याकाळी घाटकोपरच्या फलाटावर ती घेरी येऊन पडली. एका भाजीवाल्या मावशीने तिला बाकावर बसवले, पाणी पाजले आणि तिच्याच फोनवरून मला कळवले. त्या माउलीचे नावही विचारायचे राहिले. डॉक्टरांनी रक्त तपासले तर हिमोग्लोबिन आठ. पाळी तीन महिने आली नव्हती, तेही तिने माझ्यापासून लपवले होते.

त्या रात्री ती रडत म्हणाली, "आई, मी एकटीच नाही ग," आणि फोनवर मला एकेक वाचून दाखवू लागली. २००६ साली उरुग्वे देशात लुइसेल रामोस नावाची बावीस वर्षांची मुलगी रॅम्पवरून उतरली आणि कोसळली. हृदय बंद पडले. तिची अठरा वर्षांची बहीण, तीही मॉडेल, पुढच्या फेब्रुवारीत गेली. मधल्या काळात ब्राझीलची आना कारोलिना रेस्टन, वय एकवीस. त्या आईबापांचे काय झाले असेल! त्याच वर्षी स्पेनमध्ये माद्रिदच्या फॅशन सप्ताहात फार कृश मुलींना उभे करायचे नाही असा नियम केला. २०१२ साली इस्राएलने कायदा केला. फ्रान्समध्ये २०१७पासून मॉडेलला डॉक्टरांचा दाखला लागतो. इतक्या दूरच्या पोरी, पण त्या रात्री मला त्या आमच्याच चाळीतल्या वाटल्या.

मी तिला सांगितले, हे सोड. ह्यांनीही सांगितले. ती म्हणाली, काम सोडणार नाही, उपास सोडते. दोन दिवस आमच्यात अबोला होता. तिसऱ्या दिवशी तिने माझ्यासमोर दोन भाकऱ्या खाल्ल्या, तेव्हा मी गप्प बसले. ते चूक की बरोबर, ते अजून माझे मला ठरत नाही.

पैशाचे सांगायचे राहिलेच. त्या चौसष्ट कपड्यांचे ठरले होते साडेतीन हजार. त्यातले वीस टक्के एजंटाचे. उरलेले नव्वद दिवसांनी मिळणार, आणि मिळाले सातव्या महिन्यात. विचारले की उत्तर, "अकाउंटला पाठवलंय." मोलकरणीचा पगार आपण सात महिने थकवला तर ती आपल्या दारात उभी राहून गल्ली गोळा करील, आणि बरोबरच करील. ह्या मुलींना मात्र तोंड उघडायची भीती. बोलली की पुढचे काम दुसरीला. आणखी एक. तिचा एक फोटो दुसऱ्या गावी मोठ्या फलकावर लागला, आमच्या भाचीने पाहून कळवले. त्याचा पैसा शून्य. सही केलेल्या कागदावर बारीक इंग्रजीत लिहिले होते म्हणे, की फोटो कुठेही, कितीही काळ वापरता येईल. न्यूयॉर्क राज्यात ह्यावर कायदा झाला, २०२५च्या जूनपासून लागू आहे. एजंटाने वीस टक्क्यांहून जास्त घ्यायचे नाही, अनामत मागायची नाही. तो कायदा व्हावा म्हणून झगडलेली सारा झिफ ही स्वतः मॉडेलच होती.

आमच्याकडे तूर्त माझी वही आहे. भिशीचा हिशेब मी चौदा वर्षे ठेवते, तसाच हा ठेवला. कोणत्या तारखेला काम, कोणासाठी, किती तास, किती ठरले, किती आले, कोणाला कधी फोन केला. एकदा ती वही घेऊन मीच एका ऑफिसात जाऊन बसले. दोन तासांनी साहेब बाहेर आले, तारखा बघितल्या आणि त्याच आठवड्यात दोन कामांचे पैसे जमा झाले. अजून अकरा हजार यायचे आहेत. कागद आता सही करण्यापूर्वी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची सून वाचून दाखवते. ती वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे.

थोरली सध्या महिन्याला पाच-सहा दिवस हे काम करते, बाकीचे दिवस एका सी.ए.कडे हिशेबाला जाते. कंबर अठ्ठावीस आहे. डबा मी स्वतः भरते, आणि रात्री तो उघडून बघते.

आपल्यापैकी दोघींच्या मुलींनी तिला विचारले आहे की आम्हीही येऊ का. त्यांच्या आयांनी आधी माझ्याकडे यावे. मी दुपारी दोनपासून चारपर्यंत घरीच असते. वही दाखवीन.