घड्याळातला नकाशा

पाहुण्यांना गडावर नेणाऱ्या आपल्या बायांसाठी गटाला जीपीएस घड्याळ घ्यायचंय. किमतीचं नंतर बघू, आत नकाशा कोणता ते आधी विचारा. समान उंचीच्या रेषा 20 मीटरच्या टप्प्याने असल्या, तर 15 मीटरचा कडा दोन रेषांमध्ये लपतो. गेल्या हिवाळ्यात मी अशाच कड्यावर पाहुण्यांसकट अडकले, घड्याळात मात्र नुसता उतार! दुकानदार दाट रेषा दाखवेल. पण मुळात उंचीची मापंच 30-30 मीटरवर घेतलेली असली, तर रेषा वाढवून कडा दिसत नाही. ओपनस्ट्रीटमॅप फुकट आहे, त्यात पाऊलवाट, पाण्याचं टाकं आपणच घालू शकतो. तो टाकता येईल असंच घड्याळ घेऊ. येत्या रविवारी गुरं चारणाऱ्या आजींना पुढे घालून मोबाईलवर वाट नोंदवू. भाकरी बांधून या.