रक्तातील शिशाचा माग



शिसे बालकाच्या मेंदूस इजा करते; मात्र ते रक्तात साचत असता बहुधा कोणतेही लक्षण दिसत नाही. म्हणून ते मोजावे लागते. रक्तपेशींतून आम्लाने मोकळे केलेले शिसे ऋण विद्युतदाबाने कार्बनच्या इलेक्ट्रोडवर गोळा करतात; दाब उलट दिशेने नेताच ते पुन्हा विरघळते आणि त्या वेळच्या प्रवाहावरून अब्जांशातील प्रमाणही कळते.

मेंदूची झालेली हानी औषधाने भरून येत नाही. घराचा जुना रंग, बॅटऱ्यांचे काम, भेसळीची हळद, जो स्रोत असेल तो दूर करणे हाच पहिला उपचार होय. लक्षणांची वाट न पाहता ही चाचणी व्हावी, यासाठी आम्ही आपले साहाय्य मागतो.