शिंदखेडा ते मंत्रालय

(शिंदखेडा येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



जानेवारी २०१८ मध्ये याच तालुक्यातील विखरणचा एक वृद्ध शेतकरी मुंबईस मंत्रालयात गेला. वीज प्रकल्पासाठी संपादन झालेल्या जमिनीचा मोबदला अन्यायाचा आहे, ही त्याची तक्रार. दाद लागली नाही. मंत्रालयातच त्याने विष घेतले आणि काही दिवसांत त्याचा अंत झाला. मताचा हक्क त्याला होता. परंतु त्या मताने निवडलेला आणि त्याला जाब देण्यास बांधलेला अधिकारी कोण होता?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मतदार राज्यपालाबरोबर खजिनदार, महाधिवक्ता, विमा आयुक्त आणि शिक्षण अधीक्षकही निवडतात. २००३ मध्ये तेथील मतदारांनी राज्यपाल ग्रे डेव्हिस यांना मुदतीपूर्वीच पदावरून परत बोलावले. हाच हक्क १९७४ च्या आंदोलनात जयप्रकाशजींनी मागितला होता.

महाराष्ट्रात राज्याच्या सत्तेसाठी शिंदखेड्याचा मतदार एकच मत देतो: विधानसभेच्या २८८ जागांपैकी एका जागेसाठी. मुख्यमंत्री बहुमतातून येतो; मंत्री आणि पालकमंत्री त्याच्या पसंतीने ठरतात. राज्यपालाची नेमणूक राष्ट्रपती करतात. जमिनीचा निवाडा करणारे महसुली अधिकारी तर मतपेटीच्या कक्षेबाहेरच असतात.

मग अमेरिकेचे अनुकरण करावे काय? तसे नव्हे. प्रत्येक पदासाठी राज्यभर निवडणूक लढवायची तर तेवढा पैसा धनिकांपाशीच असतो. पदांची संख्या वाढवून लोकसत्ता वाढत नाही. सत्ता लोकांच्या जवळ यावी लागते. डॉ. लोहियांनी मांडलेल्या चौखंभा राज्याचा अर्थ हाच: गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र हे चारही खांब अधिकारसंपन्न असावेत, आणि जिल्हाधिकाऱ्याचे पद राहू नये.

महाराष्ट्राने १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदा उभ्या केल्या. परंतु जिल्हाधिकारी आणि त्याचे महसुली अधिकार परिषदेबाहेरच ठेवले. खांब उभा राहिला, भार मात्र त्यावर दिलाच नाही. विखरणचा प्रश्न धुळ्यात लोकप्रतिनिधींसमोर सुटू शकला नाही, याचे मूळ येथे आहे.

हा अर्धा खांबही टिकवावा लागतो. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे राज्यघटनेचे कलम २४३-ई सांगते. तरीही २०२२ पासून राज्यातील कितीतरी संस्थांवर प्रशासक बसले. धुळे जिल्हा परिषदेची निवडणूक जानेवारी २०२० मध्ये झाली. तिची पाच वर्षांची मुदतही २०२५ च्या आरंभी संपली. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. विधान परिषदेच्या ७८ पैकी २२ जागा स्थानिक संस्थांचे सदस्य निवडतात. सदस्यच नसतील तर त्या जागांना मतदार कोठून यावेत?

म्हणून कार्यकर्त्याचे काम मतदानाच्या दिवशी संपत नाही. भूसंपादनाचा प्रत्येक निवाडा ग्रामसभेत वाचला गेला पाहिजे. आमदाराला वर्षातून एकदा तरी गावासमोर हिशेब द्यायला लावले पाहिजे. प्रशासकाच्या राजवटीविरुद्ध मुदत संपण्याच्या दिवशीच मोर्चा निघाला पाहिजे. शेतकऱ्याला न्यायासाठी मंत्रालयाची पायरी चढावी लागू नये; न्याय त्याच्या चावडीपर्यंत चालत आला पाहिजे. समाजवादी पक्षाच्या कार्यकर्त्याने निवडणुकीचा अर्थ एवढाच घ्यावा.