तीन दिवे आणि आठ गण
(बोईसर येथे शिक्षक-पालकांसमोर केलेल्या भाषणाचा संक्षेप)



संगणकीय विचार म्हणजे संगणक चालविणे नव्हे. २००६ साली जेनेट विंग यांच्या लेखाने ही संज्ञा सर्वतोमुखी झाली. त्यांना अभिप्रेत होती ती प्रश्न सोडविण्याची रीत. २००४ मध्ये लिथुआनियात सुरू झालेली ‘बेब्रास’ स्पर्धा आज भारतातही होते. तिच्यासाठी कोणतीही संगणकभाषा यावी लागत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही या विचारावर भर दिला आहे.

त्याच धर्तीचा एक प्रश्न घेऊ. समजा, तारापूरच्या एखाद्या कारखान्यात यंत्रावर तीन दिवे आहेत. प्रत्येक दिवा एक तर पेटलेला, नाही तर विझलेला. एकूण किती निरनिराळे संकेत देता येतील?

एखादा विद्यार्थी सुचेल तसे लिहीत जातो. सहा होतात, सात होतात. काही राहिले का, हे त्याला सांगता येत नाही. दुसरा पहिला दिवा पेटता धरून उरलेल्या दोन दिव्यांचे चार प्रकार मांडतो, मग तो विझवून पुन्हा तेच चार. प्रश्नाचे तुकडे पाडणे, क्रम ठरविणे म्हणतात ते हेच. तिसरी विद्यार्थिनी म्हणते, दिव्यागणिक संख्या दुप्पट होते. आता चौथा दिवा लावा. पहिल्याला पाटी पुसून नव्याने आरंभ करावा लागतो. तिसरीचे सोळा तोंडावर तयार!

हे आठ आपल्याला अपरिचित नाहीत. वृत्ते शिकताना लघु-गुरूंचे तीन-तीन अक्षरी गण आपण पाडतो, ते आठच का? पर्याय दोन, स्थाने तीन. अशा सर्व रचना एकही न गाळता मांडण्याचा विधी पिंगलाच्या छंदःशास्त्रात आहे. त्याला प्रस्तार म्हणतात. आपण मात्र ‘यमाताराजभानसलगं’ घोकून घेतो आणि पुढे जातो.

ज्याचे वडील पाळीवर जातात, असा एखादा मुलगा विचारपूर्वक ‘सात’ म्हणेल. तिन्ही दिवे विझले तर तो संकेत की वीज गेली, हे कामगाराला कसे कळावे? कागदावर आठ बरोबर, यंत्रापाशी सात. प्रश्नात न लिहिलेली अट त्याने ओळखली. पर्यायी उत्तरांच्या परीक्षेत मात्र त्याला शून्य. एक संकेत गाळून बसलेल्याचेही उत्तर सातच येते. दोघांत भेद करायचा असेल तर पालकांनी चौथा दिवा लावावा आणि उत्तर पंधरा येते का, ते पाहावे.