चिंता अंगात बसते, ती अंगातून उतरवायला शिकू

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर, ज्वारीच्या खरेदीवर आणि बँकेच्या वसुलीवर बोलणे झाले. ते बोलणे आपण सोडणार नाही. पण आता थोडा वेळ आम्ही अशा गोष्टीवर बोलणार आहोत जी ठरावात येत नाही, निवेदनातही येत नाही. इथे बसलेल्या बहुतेकांच्या अंगात मात्र ती बसलेली आहे. तिचे नाव काळजी.

'अंगात बसलेली' असे आम्ही मुद्दाम म्हणतो. आपली भाषाच ऐका. पेरणी झाली आणि पावसाने दडी मारली की पोटात गोळा येतो. बँकेची नोटीस आली की तोंडचे पाणी पळते. बोंड फोडून पाहिले आणि आत अळी निघाली की हातपाय गळतात. सावकार ओट्यावर येऊन बसला की काळजाचे पाणी होते. पोट, तोंड, हातपाय, काळीज. आपल्या आज्या-पणज्यांनी डॉक्टरकी शिकली नव्हती, पण काळजी कुठे राहते हे त्यांनी बरोबर पाहिले होते.

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातले वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली भीती, भूक, वेदना आणि संताप यांनी शरीरात काय होते यावर पुस्तक लिहिले. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक लहान ग्रंथी असते. संकट दिसले की तिच्यातून ॲड्रेनॅलिन नावाचा रस रक्तात उतरतो. काळीज जोराने चालते. श्वास उथळ आणि भरभर होतो. रक्त पोटाकडून हातापायांकडे वळते, पचन थांबते, तोंड कोरडे पडते. अंग दोनच कामांसाठी सज्ज होते, लढायला किंवा पळायला.

धुऱ्यावर साप दिसला तर ही सोय जीव वाचवते. माणूस उडी मारतो, साप निघून जातो आणि थोड्या वेळाने अंग जागेवर येते. पण कर्ज म्हणजे साप नव्हे. त्याच्यापासून पळता येत नाही आणि त्याला काठीने ठेचताही येत नाही. मृगापासून शेवटच्या वेचणीपर्यंत ते घरातच असते. अंगाला हा फरक कळत नाही. ते रोज रात्री साप पाहिल्यासारखे ताठ होऊन पडून राहते. मग झोप उडते, मान आखडते, दात आवळलेले राहतात, पोट बिघडते, लहानशा गोष्टीवरून लेकरावर हात उगारला जातो. आणि ज्याला तीन रात्री झोप नाही तो व्यापाऱ्याने सांगितलेल्या पहिल्याच भावाला मान डोलावतो, कागद न वाचता सही करतो.

इथे कोणी म्हणेल, आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला आणखी कसला व्यायाम सांगता? खरे आहे. सोळा लिटरचा पंप पाठीवर घेऊन चार एकर फवारणाऱ्याला व्यायाम सांगायची आमची प्राज्ञा नाही. पण थकलेले अंग वेगळे आणि सैल झालेले अंग वेगळे. थकलेला माणूस खाटेवर पडतो तेव्हाही त्याचे खांदे कानाला लागलेले असतात. अंग सैल सोडणे हे वेगळे काम आहे. कपाशीची डवरणी शिकावी लागते तसे तेही शिकावे लागते.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. भाव मागायचे सोडून श्वास मोजत बसायचे का? उद्या सरकार म्हणेल, शेतकऱ्याला कर्जमुक्ती नको, त्याला योगासने शिकवा. असे जो म्हणेल त्याला आमचे उत्तर तयार आहे. श्वास मोजल्याने कर्जाचा एक रुपया कमी होत नाही. शेतकरी मनाने दुबळा आहे म्हणून मरतो असे सांगणाऱ्याला आधी कापसाचा उत्पादनखर्च विचारा. पण ज्या माणसाने लढायचे त्याचे अंगच आतून जळत असेल तर तो लढणार कशाच्या बळावर? मोर्चाला भाकरी बांधून नेतो, तेव्हा भाकरीने भाव वाढतो असे आपण मानत नाही. भाकरीशिवाय मोर्चा चालत नाही म्हणून नेतो. हेही तसेच आहे.

आता ऐकणे पुरे, करून पाहू. उजव्या हाताच्या दोन बोटांनी डाव्या मनगटावरची नाडी धरा. अंगठ्याच्या मुळाखाली ती लागेल. नाकाने श्वास घ्या, मनात चार मोजा. पोट पुढे यावे, खांदे वर जाऊ नयेत. आता सावकाश सोडा, सहा मोजा. पुन्हा करा. श्वास घेताना नाडी किंचित भरभर चालते आणि सोडताना किंचित संथ होते. तरुणांना हे चटकन कळेल, वय झालेल्यांना कमी कळेल. मेंदूकडून काळजाकडे, फुप्फुसांकडे आणि पोटाकडे जाणारी एक लांब नस आहे. काळजाची चाल आवरणे हे तिचे काम. श्वास सोडताना तिचा जोर वाढतो.

काळजाला 'हळू चाल' असा हुकूम देता येत नाही, पोटालाही देता येत नाही. श्वास मात्र आपोआप चालतो आणि आपल्याला चालवताही येतो. बैल उधळला तर आपण त्याचे पाय धरत नाही, कासरा धरतो. श्वास हा अंगाचा कासरा आहे. रोज दहा मिनिटे, घेताना चार आणि सोडताना सहा. यात गंडा नाही, बुवा नाही, कोणाला दक्षिणा नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढले, ते आसने आणि प्राणायाम यंत्रांवर तपासून पाहण्यासाठीच. श्रद्धेचा प्रश्न नाही. करून पाहा, उपयोग झाला तर ठेवा.

दुसरा प्रकार शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांचा. त्यांनी १९२९ साली त्यावर पुस्तक लिहिले. स्नायू सैल झाला की मनाची घालमेलही उतरते, हे त्यांचे सांगणे. ज्याचे खांदे सहा महिने चढलेले आहेत त्याला ते चढलेले आहेत हेच कळत नाही. त्याला 'सैल सोड' म्हणून काही सुटत नाही. दोराची गाठ सोडताना दोर आधी थोडा आत ढकलावा लागतो. म्हणून आधी आवळायचे, मग सोडायचे. दोन्ही मुठी आवळा, सात मोजा, एकदम सोडा. वीस मोजेपर्यंत फक्त हाताकडे लक्ष द्या. हात जड वाटेल, ऊब वाटेल. मग खांदे कानापर्यंत उचला आणि सोडा. मग दात आवळा आणि सोडा. मग पोट, मांड्या, पोटऱ्या, पायाची बोटे. रात्री खाटेवर पडल्या पडल्या करा. ज्याला कमरेचा किंवा मणक्याचा त्रास आहे त्याने तो भाग आवळू नये.

तिसरा प्रकार सर्वांत सोपा. काहीजणांना डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिले की उलट जास्त घाबरे होते. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत आणि दोन्ही तळपाय जमिनीवर घट्ट दाबावेत. समोर काय दिसते, कानावर काय येते, हाताला काय लागते ते एकेक मनात म्हणावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ताणावर एक सचित्र पुस्तिका काढली, तिची सुरुवात याच धड्याने होते. त्याच धर्तीचे शिक्षण युगांडामध्ये दक्षिण सुदानच्या निर्वासित बायकांना गटात बसवून दिले गेले आणि त्यांचा मनस्ताप कमी झाल्याचे दिसले. युद्धात घरदार गमावलेल्या बायकांना जे जमले ते आपल्यालाही जमेल.

मायबहिणींनो, तुमच्याबद्दल वेगळे बोलले पाहिजे. काळजी वाटते असे तुम्ही दवाखान्यात सांगत नाही. डोके दुखते, अंग मोडून येते, कमजोरी वाटते, असे सांगता. मग एक सुई टोचली जाते, कधी सलाईन लागते, पैसे जातात आणि आठ दिवसांनी पुन्हा तेच. रक्त कमी असेल तर त्याचा इलाज जरूर करा. पण घरातली काळजी तुमच्या मानेत आणि माथ्यात जाऊन बसली असेल तर तिच्यावरही इलाज हवा. घरातल्या पुरुषांनीही ऐकावे. काशाच्या वाटीला तेल लावून तळपाय घासायची आपली जुनी रीत आहे. म्हाताऱ्यांचे पाय सुनेने घासायचे असा तिचा अर्थ आपण लावला. वेचणी करून आलेल्या बाईचेही पाय दुखतात.

आता धोक्याच्या तीन गोष्टी, त्या नीट ध्यानात ठेवा.

पहिली. फवारणीनंतर चक्कर, मळमळ, दरदरून घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांपुढे अंधारी आली तर ती काळजी नव्हे, विषबाधा आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तिथे श्वास मोजत बसू नका. कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा, औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा. तसेच छातीत दाबल्यासारखे होऊन कळ हातात किंवा जबड्यात जात असेल तर ताबडतोब दवाखाना.

दुसरी. दारू घेतल्याने झोप लवकर लागते, पण मध्यरात्रीनंतर ती मोडते आणि सकाळी काळजी दुप्पट होते. झोपेच्या गोळ्याही मेडिकलमधून मनाने आणू नका. त्यांची सवय लागते.

तिसरी सर्वांत मोठी. जो माणूस जेवत नाही, कोणाशी बोलत नाही, 'माझे ओझे झाले' म्हणतो, आवडती वस्तू वाटून टाकतो किंवा उगाच सगळ्यांचा निरोप घेतो, त्याला श्वास शिकवायला जाऊ नका. त्याच्याजवळ बसा. मरणाचा विचार येतो का, असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटे सोडू नका, फवारणीची औषधे त्या घरातून हलवा आणि त्याला जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात घेऊन जा. १४४१६ हा टेलि-मानस सेवेचा फुकट नंबर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, त्यावर मराठीत बोलता येते. पोलिसांची भीती बाळगू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस मोठ्या ताणाखाली होता असेच धरले जाते आणि त्याच्या काळजीची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

गावातली माणसे शिकली तर फरक पडतो का? अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचे काम झाले, त्याचे निष्कर्ष २०१७ साली छापून आले. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघरी बोलते केले गेले. उदासीनतेच्या आजाराने पिडलेल्या दर १०० जणांमागे आधी साधारण ४ जण मदतीपर्यंत पोचत होते, १८ महिन्यांनी २७ पोचू लागले. म्हणजे २७ जणांनी आपले दुखणे कोणाला तरी सांगितले. आपल्या गावात हे करायला कोणाची परवानगी लागत नाही.

म्हणून तीन कामे घेऊन जा. गावची बैठक सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटे सगळ्यांनी मिळून श्वासाचा आणि अंग सैल करण्याचा पाठ करावा. बाया आणि बापे दोघांनी, कोणी हसले तरी. शाखेच्या फलकावर १४४१६ हा आकडा मोठ्या अक्षरात रंगवावा. आणि हजेरीचे रजिस्टर उघडून, पूर्वी नेहमी येणारा आणि गेले दोन महिने न आलेला कोण, ते पाहावे. उद्या संध्याकाळी त्याच्या घरी दोघांनी जावे. वर्गणी मागायला नव्हे, नुसते बसायला. चहा मागून घ्या, गडबड करू नका, त्याला बोलू द्या.

तीन नावे आत्ताच, इथे बसल्या बसल्या कागदावर लिहा. मग आपण ठरावाकडे वळू.